आधी आगगाडी, मग विद्यापीठ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८ जुलै १८५७ रोजी. आधी रूळ, मग विद्यापीठ, या क्रमातच आपल्या परिसरातील उच्च शिक्षणाचा इतिहास साठवलेला आहे.

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ आरंभी शिकवीत नसे; परीक्षा घेई आणि पदव्या देई. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर झाले, पण ते घडले एल्फिन्स्टनच्या वर्गांत. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा अधिकार दिला, १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग आला, पुढे कलिन्याचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. तरी पदवीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरील शिक्काच राहिला.

ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ साली, तर कल्याणात बिर्ला महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. विद्येचे घर जवळ आले, विद्यापीठ मात्र दूरच राहिले. त्याची प्रत्यक्ष भेट व्हायची ती आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत किंवा युवा महोत्सवात. मुंबई विद्यापीठाच्या संघातून सुनील गावस्कर खेळले; त्या संघात निवड होणे हा कल्याण-डोंबिवलीच्या मुलासाठीही, पहाटेच्या लोकलमध्ये किट सांभाळीत का होईना, 'आपण विद्यापीठाचे आहोत' हे अनुभवण्याचा मार्ग होता. परीक्षेच्या आसनक्रमांकातून ही जाणीव येत नाही.

२०१७ साली संगणकीय उत्तरपत्रिका-तपासणीचा बोजवारा उडाला, निकाल महिनोनमहिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले. परीक्षा हेच ज्याचे मुख्य रूप, ते विद्यापीठ परीक्षा कोलमडताच विद्यार्थ्यांपुढे रिकाम्या हातांनी उभे राहिले.

आता बिर्लासारखी महाविद्यालये स्वायत्त झाली असून आपल्या परीक्षा स्वतः घेतात. ठाणे व कल्याण येथे विद्यापीठाचे उपपरिसरही आहेत. परीक्षेचे जुने काम असे हातून सुटत असताना विद्यापीठाने काय करावे? उत्तर कठीण नाही. शिकवावे, ग्रंथालय उघडे ठेवावे, मैदान राखावे. पावणेदोनशे वर्षे विद्यार्थी गाडीने विद्येकडे गेला. आता विद्यापीठाने उलट दिशेची गाडी पकडायला हवी.