शहाजी, बख्त बुलंद, चिटणीस : आपल्या नावांत किती भाषा?

सौंसर-पांढुर्ण्याकडे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्ही चालतात. ही सरमिसळ काही आजची नाही. जुनी नावं पाहिली की लगेच कळतं.

देवगडचे राजे
छिंदवाड्याजवळचं देवगड ही गोंड राजांची राजधानी. अकबराच्या काळात इथे जाटबा राजा होता. मोगलांशी संबंध वाढले तसा पुढच्या राजांच्या नावांत फारसी 'शाह' आला, जसे कोकशाह. औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारलेल्या राजाला 'बख्त बुलंद' हे नाव मिळालं. फारसीत बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. याच राजाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान : 'चांद' देशी, 'सुलतान' अरबी.

मराठी घरांतली नावं
मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. शब्द बाहेरचा, मागचा 'जी' आपला. हैबतराव, दौलतराव ही नावंही तशीच. हैबत, दौलत अरबी, 'राव' इथला. फिरंगोजीत तर थेट फिरंगीच आहे. आप्पा, अण्णा, अक्का हे शब्द कानडीच्या शेजारातून आले.

पदाचं झालं आडनाव
फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद; तो लिहिणारा फडणवीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी ही आडनावं टिकली.

आणि आज?
२०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण कागदोपत्री भाषा हिंदीच. हिंदी कागदावर 'ळ' चा 'ल' होतो : काळे यांचे काले, मुळे यांचे मुले. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग महाराष्ट्रात 'डी'ने सुरू होतं, इकडे 'जी'ने. गावात कुणाचं अडत नाही. पण पोरगं नागपूरला शिकायला किंवा नोकरीला गेलं की दोन कागदांवर दोन नावं निघतात आणि प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. म्हणून जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर अक्षरन् अक्षर एकच ठेवा. बाकी घरात हाक मारताना 'ळ' म्हणायला कुणाची मनाई नाही!