बांध आणि बांधव

खानापूर तालुका इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्यात होता, तर शेजारची आटपाडी औंध संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या फेरबदलांतही तेथील शेतकऱ्याची ओळख जिल्ह्यापेक्षा भावकीशी, म्हणजे एका मूळपुरुषापासून फुटलेल्या आणि एकमेकांचे सुतक पाळणाऱ्या घरांशी, अधिक निगडित राहिली. विहिरीचे पाणी कोणी किती घ्यायचे, बेंदराला कोणाचे बैल पुढे आणि पाटीलकीचा मान कोणत्या तक्षिमेकडे, म्हणजे वतनदार घराण्याच्या कोणत्या वाटेकरी शाखेकडे, हे सारे भावकीतच ठरे. १९६३ च्या आरंभी पाटीलकीचे वतन कायद्याने संपले, तरी मानापानाचे वाद काही संपले नाहीत. ‘भाऊबंद’ हा नात्याचा शब्द आणि त्यापासूनच झालेला ‘भाऊबंदकी’ हा भांडणाचा. वाटण्यांचा आणि बांध कोरण्याचा सारा इतिहास या एका प्रत्ययात आला आहे.

पर्जन्यछायेतील या शिवाराने पोट भरेना, तेव्हा विसाव्या शतकात येथील तरुण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरून कोइमतूरपासून उत्तरेकडील सराफकट्ट्यांपर्यंत पांगले आणि १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. मोडीच्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवतात, पाण्यात ओतून त्याची कणी पाडतात आणि ती तेजाबात उकळतात. नारिंगी धूर निघतो, चांदी विरघळते आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते, जी सोन्यासारखी मुळीच दिसत नाही. ती धुऊन, सवागी टाकून पुन्हा आटवली की सोन्याला त्याचा रंग येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवून चांदीही परत मिळवतात. परक्याचे सोने हाताळणाऱ्या या कामाला अनोळखी माणूस चालत नाही, म्हणून आधी पुतण्या, मग मेहुणा, मग गावातला कोणाचाही मुलगा बोलावला जाई.

अशा रीतीने, गावी ज्यांच्या घरांत बोलणे बंद होते, त्यांची मुलेही परमुलखात एका खोलीत राहू शकत. तेथे त्यांच्यामध्ये वाटायला बांधच नव्हता. ‘गलाई बांधव’ हे संबोधन या परिस्थितीतून रूढ झाले आणि रक्ताच्या नात्याचा शब्द धंद्याच्या नात्याला लागला. पुढच्या पिढीची शाळा तमिळ वा मल्याळम भाषेतून झाली, तरी खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्रयात्रा आणि घरचे लग्नकार्य यांसाठी गावची वाट चालू राहिली. एरवी कुलूपबंद असणारे गावाकडचे बंगले तेवढ्यापुरते उघडतात. दरम्यान १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही जन्मतः हक्क मिळाला, त्यामुळे भावकीची केवळ पुरुषांपुरती असलेली व्याख्या निदान कागदावर तरी सैल झाली. त्यातच टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या माळावर आणले, आणि ज्या सातबाऱ्यावर परमुलखातल्या चुलतभावांची नावे वर्षानुवर्षे एकत्र पडून होती, त्या जमिनीच्या मोजणीला पुन्हा महत्त्व आले.