प्रवाहाचा कडेचा थर

होडी वल्हविणाऱ्या नावाड्याला पाण्याचा विरोध कळतो. गणिताला तो कळत नव्हता. अठराव्या शतकांत दालांबेर या फ्रेंच पंडितानें सिद्ध केलें कीं, घर्षणरहित पाण्यांत एकाच वेगानें जाणाऱ्या वस्तूला कांहींच विरोध होऊं नये. पाण्याचा चिकटपणा इतका अल्प कीं, तो हिशेबांत न धरणें गणितज्ञांना रास्त वाटे. आणि धरावा तर समीकरणें सुटत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत याच दुराव्याचें भांडण झालें. जुनीं विद्यापीठें यंत्रविद्येला कमी लेखीत. उलट तंत्रविद्यालयांतील कित्येक अध्यापक विचारीत कीं, ज्या गणितानें पंप चालत नाहीं, तें विद्यार्थ्यांच्या डोक्यांत कोंबावें कशाला? १८९९ सालीं प्रशियांतील तंत्रविद्यालयांना डॉक्टर ही पदवी देण्याचा अधिकार मिळाला, तरी मनें जुळलीं नाहींत.

अशा काळांत लुडविग प्रांट्ल हे म्युनिकचे तरुण डॉक्टर न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यांत नोकरीस लागले. काम साधें: ढलप्या ओढून नेणारें यंत्र सुधारावयाचें. नळी रुंदावली म्हणजे हवेचा वेग कमी होऊन दाब वाढावा, असें गणित सांगे. दाब वाढेना! प्रवाह नळीच्या कडेपासून सुटत होता. १९०१ सालीं ते हानोव्हरला प्राध्यापक झाले, पण तो कोडगा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. हातानें चाक फिरवून पाणी खेळविण्याचा एक लहानसा पाट त्यांनीं केला आणि पाण्यांत चमकदार कण सोडून प्रवाहाची वाट डोळ्यांनीं पाहिली.

१९०४ च्या ऑगस्टांत हायडेलबर्गच्या गणितपरिषदेंत त्यांना दहाच मिनिटें मिळालीं. त्यांचें म्हणणें असें: कडेला लागलेलें पाणी कडेला चिकटूनच राहतें, तेथून अत्यंत पातळ अशा थरांत वेग शून्यापासून पूर्णावस्थेस जातो. घर्षणाचा हिशेब एवढ्या थरापुरता करावा, बाहेर जुनें गणित खुशाल चालवावें. पुढें दाब वाढत असला म्हणजे हा मंदावलेला थर रेटा न सोसून कडेपासून सुटतो, मागें भोंवरे उठतात, आणि नावाड्याच्या हाताला जाणवतो तो विरोध वाढतो.

गॉटिंगेनचे थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांना यंत्रविद्या विद्यापीठांत आणावयाचीच होती. त्यांनीं प्रांट्ल यांना त्याच वर्षीं बोलावून घेतलें. हानोव्हरची पूर्ण प्राध्यापकी सोडून खालच्या दर्जाची जागा पत्करणें हें सामान्य माणसाचें काम नव्हे. तेथें ब्लाझियस या शिष्यानें सपाट पत्र्यावरील घर्षण याच थराच्या समीकरणांवरून काढून १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. हायडेलबर्गचा मूळ निबंध मात्र जेमतेम आठ पानांचा. गॉटिंगेनबाहेर कित्येक वर्षें त्याच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.