तैलचित्रांचे त्रिमितीय स्कॅनिंग

तैलचित्राच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा चित्राला हात न लावता, प्रकाशाच्या साहाय्याने मोजून त्याचा अंकीय नकाशा तयार करण्याची पद्धत. चित्र म्हातारे होते तसे त्याचे अंगही बदलते, आणि समोरून काढलेल्या छायाचित्रात हा बदल नीट उमटत नाही.

तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. थर ठिसूळ होत जातो. खालचे लाकूड वा कापड मात्र ओलाव्याने फुगते, कोरड्या हवेत आकसते. थराला ती हालचाल झेपेनाशी झाली की तडे जातात, त्यांच्या कडा उचलतात, पोपडे सुटतात. एका बाजूने तिरपा दिवा धरून सावल्यांवरून हे ओळखण्याची रीत जुनी आहे व आजही उपयोगी आहे. तिच्यातून उंचीचा आकडा मात्र मिळत नाही. तो मिळवण्यासाठी लेसरचा ठिपका चित्रावरून फिरवतात किंवा प्रकाशाचे पट्टे टाकून ते कुठे वाकतात हे कॅमेऱ्याने टिपतात. चकचकीत रोगण ही यातली मोठी डोकेदुखी: काही प्रकाश त्यावरून परततो, काही आत शिरून खालच्या थरावरून, आणि मोजमाप फसते.

लिओनार्दो दा व्हिंचीच्या ‘मोनालिसा’चे स्कॅनिंग कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पथकाने पॅरिसमध्ये 2004 साली केले. खोलीतील सुमारे 10 मायक्रोमीटरचा फरक टिपणाऱ्या या यंत्राने रंग आणि आकार एकदमच नोंदवले. पॉपलरची फळी सुमारे 12 मिलिमीटर फुगून बाकदार झाल्याचे दिसले. वरच्या कडेपासून केसांपर्यंत उतरलेली जुनी भेगही मोजली गेली. कुंचल्याचे फटकारे मात्र जवळपास सापडले नाहीत, इतके रंगाचे थर पातळ. तरी असे एकच मोजमाप म्हणजे निव्वळ आजची स्थिती. म्हातारपणाचा वेग कळायचा तर काही वर्षांनी तेच चित्र पुन्हा मोजावे लागते. हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये 2018 साली व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’वर तीन त्रिमितीय तंत्रे वापरून त्यांची तुलना करण्यात आली.

वयाचा सर्वांत विचित्र परिणाम म्हणजे धातूंचे साबण. रंगातील शिसे वा जस्त आणि तेलातील मेदाम्ले यांच्या संयोगातून बारीक गाठी तयार होतात व त्या थर फोडून वर येतात. अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रांवरच्या अशा पुटकुळ्यांना आधी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली वाळू समजले गेले होते! पुढे त्या वाढू लागल्या, पसरल्या, काही गळूनही पडल्या. वाळू अशी वाढत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी या पुटकुळ्या मोजण्यासाठी हातात धरता येणारे साधन तयार केले आणि 2019 साली ते मांडले. पडद्यावरील आकृत्यांचे चित्रावर पडणारे प्रतिबिंब किती वेडेवाकडे होते, यावरून ते उंचवटे काढते. कापडाचा पोत आणि कुंचल्याच्या खुणा गणिताने वगळल्या की पुटकुळ्या वेगळ्या दिसतात. गाठ कशाची बनली आहे हे सांगण्यासाठी रासायनिक तपासणी लागतेच; स्कॅनरला साबण आणि वाळू सारखेच.