शोषणचालित तरणतलाव स्वच्छक

तरणतलावाच्या गाळणयंत्रणेतील पंपाच्या ओढीवर चालणारे, तळ आणि भिंतींवरून आपोआप फिरून गाळ, पाने व शेवाळ ओढून घेणारे साधन. त्यात वीज किंवा मोटर नसते. लांब तरंगत्या नळीने ते स्किमरला किंवा भिंतीतील शोषणमुखाला जोडलेले असते. या प्रकारातील प्रसिद्ध ‘क्रीपी क्रॉली’ 1974 मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोविए यांनी तयार केले.

अशा स्वच्छकात पाण्याच्या वाटेवर एक झडप हेलकावे खाते. ती वाट बंद करते तेव्हा नळीतील वेगवान पाणी एकदम अडते, नळीला हिसका बसतो आणि तिरके बसवलेले यंत्र थोडे पुढे सरकते. झडप उघडताच तळाची पकड पुन्हा बसते. परिचित ‘टकटक’ आवाज याच झडपेचा. काही प्रकारांत झडपेऐवजी लवचिक रबरी पडदा आकुंचन-प्रसरण पावतो. चाकांच्या प्रकारात प्रवाह टर्बाइन फिरवतो आणि दात्यांची चक्रे चाके चालवतात.

दिशा ठरवणे हा मात्र या यंत्रांचा कच्चा दुवा. चाकांच्या काही प्रकारांत ठरावीक काळाने वळवणारी यंत्रणा असते. झडपेच्या प्रकारात नळीचा ताठपणा, तिची लांबी, फिरता सांधा आणि तळाचा उतार यांवरच मार्ग ठरतो, म्हणजे तो बराचसा यदृच्छ असतो. गुंडाळून ठेवल्याने बाक आलेली नळी स्वच्छकाला एकाच वर्तुळात फिरवत ठेवते. शिडी व कोपऱ्यांत अडकू नये म्हणून बाजूला फिरते कडे बसवतात. नळीवरील वजने व प्रवाह-नियंत्रक झडप यांनी पकड जुळवता येते. ओढ जास्त झाल्यास यंत्र भिंतीवर चढून हवा ओढते, कमी पडल्यास जागीच थांबते.