कार्ल्याच्या खांबांवरील नावे आणि आपला वारसा

कार्ल्याच्या लेण्यांची ओळख मराठी वाचकाला दोन प्रकारे असते. पहिली ओळख पाठ्यपुस्तकातली. भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह येथे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. आत ३७ स्तंभ, आणि कमानदार छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी फासळ्या. दुसरी ओळख यात्रेची. चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि कोळी, आगरी, कायस्थ प्रभू या समाजांची ही कुलदेवता असल्याने चैत्रात डोंगर माणसांनी फुलून जातो. या दोन्ही ओळखी खऱ्याच आहेत. परंतु मराठीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा डोंगर चढताना एक तिसरी ओळखही सोबत घ्यावयास हवी, असे आम्हांस वाटते. कार्ले हे केवळ पाहण्याचे स्थळ नाही, ते वाचण्याचेही स्थळ आहे.

चैत्यगृहाच्या ३७ स्तंभांपैकी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ घटपल्लवाचे आणि हत्तींवर आरूढ जोडप्यांच्या शीर्षांचे आहेत, तर स्तूपामागचे सात अगदी साधे अष्टकोनी आहेत. यांपैकी अनेक स्तंभांवर, तसेच बाहेरच्या ओवरीत व दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख कोरलेले आहेत. इ. स. पहिल्या शतकाच्या आसपासची ही अक्षरे. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले. पुढे सेनार यांनी कार्ल्याच्या लेखांचे संपादन केले. मराठीत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनकालीन लेखांचा सविस्तर परामर्श घेतला. म्हणजे वाचन झालेले आहे. ते इतिहास विभागात झाले आणि तेथेच राहिले, एवढेच.

या लेखांत आहे तरी काय? ओवरीच्या भिंतीवर वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख आहे. हे ‘सेलघर’ आपण पुरे केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तो सांगतो. शैलगृह हा संस्कृत शब्द त्याने वापरलेला नाही. ‘घर’ म्हटले आहे आणि दोन हजार वर्षांनंतर आपणही घरच म्हणतो. दुसऱ्या एका लेखात धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या ‘गंधिका’ने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दाराचे दान केले आहे. सामी नावाचा ‘वढकि’ आपल्या बापाचे नाव वेणुवास असे सांगून दर्शनी भागाच्या कामाची नोंद करतो. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, हे येथे आठवावे. सोपाऱ्याचा सातिमित नावाचा धर्मोपदेशक एक स्तंभ देतो. कोडी नावाची भिक्खुणी दगडी वेदिका देते. स्वतःची ओळख ती घुणिकाची आई अशी करून देते आणि वेदिका घडविणाऱ्याचे नावही नोंदवते. संसार सोडलेल्या बाईने आपले आईपण दगडात कोरून ठेवावे, ही एका ओळीची नोंद कोणत्याही साहित्याच्या विद्यार्थ्याला थांबविणारी आहे.

आणि मग यवन. धेनुकाकटाहून आलेल्या अनेक दात्यांनी आपल्या नावाआधी ‘यवन’ असे लिहिले आहे. नावे मात्र सिहधय, धम अशी प्राकृत. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले. ते कोठेही असो, आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शब्द. बखरींतून आणि पुढच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून ‘यवन’ हा शब्द ज्या अर्थाने आपल्या कानांवर रुळला, तो अर्थ येथे नाही. येथे यवन हा शेजारच्या खांबाचा दाता आहे. सुतार, गंधिक, भिक्खुणी आणि यवन यांच्या ओळी एकाच वाक्यरचनेत बसतात: गाव, नाव आणि शेवटी ‘दानं’. बहुतेक लेखांत क्रियापदही नाही.

कोणी म्हणेल, हे साहित्य नव्हे, ठरावीक साच्यातल्या नोंदी आहेत. आक्षेप रास्त आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पाने आपण दीर्घकाळ श्रवणबेळगोळच्या लेखापासून उघडत आलो. तोही साच्यातलाच लेख आहे. तेथील क्रियापद ‘करवियले’ असे प्रयोजक आहे. सत्ताधारी माणसाने करवून घेतले, करणारे हात अनामिक राहिले. कार्ल्याचा वढकि ‘कता’ म्हणतो, म्हणजे केले. राजे कार्ल्यातही आहेत; नहपानाचा जावई उषवदात आणि सातवाहन यांच्या ग्रामदानाचे लेख येथे आहेतच. पण त्यांच्याच भिंतीवर सुतारालाही जागा मिळालेली आहे. आरंभ कोठून मानायचा या निवडीत, कोणाला आपले पूर्वज मानायचे ही निवडही दडलेली असते.

हा प्रश्न आज नव्याने विचारावा लागतो, त्याला कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठीच्या दीर्घ प्रयत्नांत मराठीचे प्राचीनत्व सांगताना जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेखातील ‘महारठि’ या शब्दाचा आधार वारंवार घेतला गेला. तोच शब्द कार्ल्यातही आहे. चैत्यगृहापुढे जो सिंहस्तंभ उभा आहे, त्यावर तो गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीने दिल्याचे कोरले आहे. आईच्या नावाने ओळख सांगणारा, बौद्ध चैत्यापुढे चार सिंह उभे करणारा हा महारठी. आपण त्याचा शब्द घेतला. त्याची आई, त्याचे दान आणि ते ज्या संघाला दिले तो संघ, हे सारे मागे ठेवले. लेखांचे वय आपल्याला हवे आहे, त्यातील माणसे नकोत, अशी ही देवघेव आहे.

अर्थात, या लेखांची भाषा म्हणजे मराठी, असे सरसकट विधान करणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याच दिवशी, त्याच निर्णयाने, पाली आणि प्राकृत यांनाही स्वतंत्रपणे अभिजात दर्जा मिळाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. प्राकृत ही मराठीची मालमत्ता नव्हे, मराठी तिच्या अनेक वारसांपैकी एक आहे. वारसाने वारशाची यादी पुरी वाचावी, एवढीच अपेक्षा. घर आणि लेणे हे शब्द आपल्याला मिळाले. लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांचा उल्लेख उषवदाताच्या लेखात आहे, त्यांचे काय झाले हे आपण भाषेच्या तासाला विचारत नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘पांडवलेणी’ म्हणत आलो. खुद्द लेखांत त्या डोंगराचे नाव आणि दात्यांची नावे स्वच्छ कोरलेली असताना! लिपी वाचता येईनाशी झाली की दंतकथा जागा घेते. हे स्वाभाविक होते. मात्र १८८१ नंतरही ते नाव तसेच चालू राहिले, याला निव्वळ स्वाभाविक म्हणता येणार नाही.

या लेण्यांना नवे वाचक मिळाले ते विद्यापीठांमुळे नव्हेत. कार्ल्यापासून फार दूर नसलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांसाठी ही लेणी पुरातत्त्वाची वास्तू न राहता वंदनेची जागा झाली. चैत्रातला कोळी यात्रेकरू आणि स्तूपापुढे हात जोडणारे बौद्ध कुटुंब एकाच पायऱ्या चढतात. सोपाऱ्याचा सातिमितही समुद्रकाठच्या गावचाच होता. त्याचा स्तंभ या दोघांपासून काही पावलांवर आहे. ब्राह्मी येत नसल्याने तो त्यांना काही सांगू शकत नाही.

तो बोलता करणे हे काम आमच्या विभागांचे आहे. ब्राह्मीची मूळ अक्षरे शिकविण्यास काही आठवडे पुरतात. पदव्युत्तर वर्गाच्या भाषेतिहासाच्या अभ्यासात कार्ल्याचे दहा लेख नेमले, प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्तंभ वाटून दिला आणि दात्याचे गाव, व्यवसाय, विभक्तिप्रत्यय आणि आज उरलेले शब्द यांची टिपणे तेथेच उभे राहून करावयास सांगितली, तर श्रवणबेळगोळाच्या आधी पसरलेली कोरी जागा भरू लागेल. सुरुवात वढकि सामीच्या लेखापासून करावी. तो दाराजवळच आहे आणि त्यात ‘घर’ हा शब्द आहे.