लहान नौका, पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांतील मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा व भीमा या नद्यांवर, तसेच त्यांच्यावरील धरणांच्या जलाशयांत वापरल्या जाणाऱ्या, साधारणपणे एक ते आठ माणसे वाहून नेणाऱ्या जलयानांचा येथे विचार केला आहे. कोकणातील होडीला समुद्राच्या भरती-ओहोटीची व मासेमारीची अखंड परंपरा लाभली. घाटमाथ्यावरील नद्या मात्र पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या व उन्हाळ्यात पायउतार होणाऱ्या असल्याने त्यांवर नौकेचा असा एकच प्रकार स्थिरावला नाही. येथे पाण्याचे स्वरूप जसजसे बदलले, तसतशी नौकाही बदलली. वाहत्या नदीसाठी गोल किंवा सपाट तळाची तर, बंधाऱ्यामागील संथ पाण्यासाठी अरुंद शर्यती नौका आणि धरणाच्या विस्तीर्ण जलाशयासाठी रुंद सहलीची नौका असे तीन टप्पे या इतिहासात दिसतात. कुटुंबासह जलाशयाकाठी तंबू ठोकून राहण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. तीसाठी नौका निवडताना उपयोगी पडणारे बहुतेक नियम या तीन टप्प्यांतील अनुभवातूनच निघतात.

नदी व तर : नदी ओलांडण्याच्या जागेस व साधनास मराठीत ‘तर’ म्हणतात. पुलांच्या अभावी पावसाळ्याचे चार महिने गावोगावचा व्यवहार तरीवर अवलंबून असे आणि नावाड्याचे काम मुख्यतः भोई व कोळी समाजांकडे होते. नौका नसेल तेथे वाळलेले पोकळ भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड वापरीत. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊस पिकविणाऱ्या भागात गूळ करण्याची मोठी काहील नदीत सोडून तीतून माणसे व सामान पैलतीरी नेण्याची रीत होती. काहील उथळ, रुंद व गोल असल्याने तिला दिशा देणे अवघड जाते. परंतु ती सहजासहजी कलंडत नाही, हा तिचा गुण होय. वेताच्या सांगाड्यावर कातडे ताणून केलेली टोपलीनौका दक्षिणेकडील नद्यांवर प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायीश याने सोळाव्या शतकात विजयनगर येथे अशा टोपल्यांतून माणसे नदी पार करताना पाहिली होती. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धाच्या वेळी आर्थर वेलस्ली यानेही दख्खनमधील पावसाळी नद्या ओलांडण्यासाठी टोपलीनौकांची तजवीज ठेवली होती. वजनाला हलकी, जमिनीवरून वाहून नेता येणारी व थोड्या पाण्यात तरंगणारी नौका हवी, ही त्यामागील निकड होती. आजच्या सहलकऱ्याची गरजही याहून फारशी वेगळी नाही.

इंग्रजी अमदानीत तरींचे नियमन १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या तरीविषयक कायद्याने होऊ लागले. सार्वजनिक तरी ठरविणे, त्यांचा मक्ता देणे व उताराचा दर बांधून देणे या बाबी त्यात होत्या. रस्ते व पूल वाढले, तशा तरी मागे पडल्या. पंढरपूरसारख्या क्षेत्री मात्र चंद्रभागेतील होड्यांच्या रूपाने ही परंपरा टिकून आहे.

बंधारा व वल्हविण्याच्या शर्यती : वाहत्या पाण्यात पैलतीर गाठणे एवढाच हेतू असतो, साचलेल्या पाण्यात नौका हा विरंगुळाही होऊ शकतो. पुण्यात मुळा-मुठेवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे नदीचा संथ, खोल व लांब पट्टा निर्माण झाला. लष्करी छावणीतील यूरोपियनांनी तेथे वल्हविण्याचा छंद सुरू केला. पुण्यातील रॉयल कनॉट बोट क्लबच्या नावात १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती असलेल्या ड्यूक ऑफ कनॉटचे स्मरण आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला आणि तेथील विद्यार्थ्यांच्या नौकास्पर्धेने हा छंद हिंदी तरुणांपर्यंत पोहोचविला. दापोडी येथे, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवर, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सैन्याच्या वल्हेपटूंचे प्रशिक्षण तेथे चालते. खडकीच्या बाँबे सॅपर्समधील दत्तू भोकनळ याने २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हविण्याच्या स्पर्धेत तेरावे स्थान मिळविले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

शर्यतीची नौका लांब, अरुंद व अत्यंत हलकी असते. पाण्याचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून स्थैर्याचा तीत जवळजवळ त्याग केलेला असतो आणि वल्हेपटूला तोल वल्ह्यांनीच सांभाळावा लागतो. ती उत्तम नौका असली, तरी मुले व सामान नेण्यास निरुपयोगी होय. नौकेची उत्तमता कामावरून ठरते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

धरणांचे जलाशय : मुठेवरील खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा जलाशय फाइफ तलाव या नावाने ओळखला जाई. १९५५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या जलाशयाकाठी आली आणि तिच्या पीकॉक बे या भागात छात्रांना शिडाच्या नौका चालविण्याचे शिक्षण मिळू लागले. मुळशीचा जलाशय टाटांच्या जलविद्युत् योजनेतून निर्माण झाला. तेथील शेतकऱ्यांनी जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ मध्ये सत्याग्रह केला. मावळातील पवना धरण १९७२ च्या सुमारास झाले. भीमेवरील चासकमान व भामा नदीवरील भामा-आसखेड ही चाकणजवळची, खेड तालुक्यातील धरणे त्यानंतरची होत.

याच काळात नदीकाठचे स्वरूप पालटले. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस चाकणलाही औद्योगिक क्षेत्र आले. वाढत्या वस्तीचे मैलापाणी व कारखान्यांचे सांडपाणी यांमुळे पवना व इंद्रायणी या नद्यांत जलपर्णी माजू लागली. पाण्यावर हिरवा थर धरला की वल्हे फिरत नाही व नौका पुढे सरकत नाही. दोन नद्यांच्या काठी राहणाऱ्या कामगार कुटुंबाला नौकाविहारासाठी धरणाकडे जावे लागते, त्याचे कारण हे आहे. लोहगड, तुंग व तिकोना या किल्ल्यांच्या सान्निध्यातील पवना जलाशय त्यांस जवळचा असून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्याच्या काठी तंबूंची वस्ती वाढली.

हे पाणी केवळ सहलीचे नाही. पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी मुख्यतः पवनेतून येते. ते बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. त्या वेळी झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. जलाशयात नौका सोडणाऱ्याने तेल, कचरा व इंधन पाण्यात जाऊ न देणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

सहलीच्या नौकेचे प्रकार : घडी करून नेता येणाऱ्या नौकेची कल्पना यूरोपात जुनी आहे. ब्रिटिश नौदलातील पीटर हॉकेट याने १८४० च्या दशकात रबरी कापडाची, हवेने फुगणारी व अंगरख्यासारखी पांघरता येणारी नौका बनविली. जर्मनीतील रोझेनहाइम येथील शिंपी योहान क्लेपर याने १९०७ मध्ये घडीच्या नौकेचा आराखडा विकत घेऊन तिचे उत्पादन सुरू केले. लाकडी सांगाडा व त्यावर कापडी कातडे अशी ही नौका आगगाडीतून नेता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ग्रमन या विमान कंपनीने ॲल्युमिनियमच्या हलक्या नौका बनविण्यास प्रारंभ केला. पुढे काचतंतू व रेझीन यांपासून ओतलेल्या नौका सर्वत्र पसरल्या. आपल्याकडे त्यांना फायबरच्या होड्या म्हणतात.

सहलीसाठी आज मुख्यतः चार प्रकार उपलब्ध आहेत. फुगवण्याची नौका मोटारीच्या सामानकप्प्यात मावते, रुंद असते व सहज उलटत नाही. पण वाऱ्यावर भरकटते व अणकुचीदार वस्तूने फाटते. कयाक वेगवान व हलकी असली, तरी तिच्यात एक किंवा दोनच माणसे बसतात. फायबरची सपाट तळाची होडी भक्कम व भार सोसणारी असते. मात्र तिला वाहून नेण्यास गाडा व उतरविण्यास बरा उतार लागतो. शिडाची लहान नौका शिकलेल्या हातांतच सुरक्षित राहते. यांखेरीज मोटारीच्या चाकातील रबरी नळ्या, थर्मोकोल व प्लॅस्टिकचे डबे बांधून स्थानिक मच्छीमार तराफे करतात. ते जाळे लावणाऱ्या एकट्या, पोहणाऱ्या माणसाचे साधन आहे. मुलांना त्यावर बसविणे धोक्याचे होय.

निवडीची तत्त्वे : पहिली कसोटी भाराची. दोन प्रौढ व दोन मुले मिळून सु. १९० किग्रॅ. आणि तंबू, भांडी व शिधा सु. ४० किग्रॅ. धरल्यास एकूण भार २३० किग्रॅ. होतो. तो तोलण्यास तितकेच, म्हणजे २३० लिटर पाणी बाजूस सारावे लागते. पाण्याच्या पातळीवर नौकेचे क्षेत्रफळ ३ चौ. मी. असेल, तर या भाराने ती सु. ८ सेंमी. आणखी बुडते, दीड चौ. मी. असेल, तर सु. १५ सेंमी. पाण्यावर उरणारी काठाची उंची तितकीच कमी होते आणि लाट आत येण्याची शक्यता वाढते. किती माणसे ‘मावतात’ हे पाहण्यापेक्षा, ती बसल्यावर काठ किती वर राहतो हे पाहणे अधिक योग्य होय.

दुसरी कसोटी रुंदीची. रुंद नौका थोड्याशा कलाने पूर्ववत् होते. अरुंद नौका तशी होत नाही. कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी जोडून हा दोष दूर करतात. मुले जागेवरून उठतात व एका बाजूस झुकतात, हे गृहीत धरूनच रुंदी ठरवावी लागते. भार तळाशी ठेवणे व उभे न राहणे हे त्यावरील पूरक उपाय होत.

तिसरी कसोटी जलाशयाच्या तळाची. धरणाखाली गावे, विहिरी, बांध व झाडोरा बुडालेला असतो. उन्हाळ्यात पवनेची पातळी उतरली की वाघेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते. तशाच अनेक भिंती व खुंट पाण्याखाली हात-दोन हात खोलीवर दडलेले राहतात. फुगवण्याच्या नौकेस ते घातक ठरतात. हवेचे कप्पे स्वतंत्र असलेली नौका एक कप्पा फाटला तरी तरंगत राहते, म्हणून एककप्पी नौका टाळणे इष्ट होय.

चौथी कसोटी वाऱ्याची. नदीत काठ जवळ असतो. जलाशयात वारा कित्येक किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येतो व लाटा उंचावतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या पावसापूर्वी सुटणारी वावटळ सर्वांत धोक्याची असते. वर उल्लेखिलेल्या सर्व नद्या अखेर भीमेस मिळतात व भीमेवर उजनीचा विशाल जलाशय आहे. तेथे २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती सहलीची नव्हे, नित्याच्या ये-जा करण्याची होडी होती. धरणाने नदीचा सरोवर केला, परंतु नौका व सवय नदीचीच राहिली, हा या प्रदेशातील जलप्रवासाचा मूलभूत धोका आहे.

कायदा व सुरक्षितता : अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ चा कायदा रद्द होऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. यांत्रिक नौकांची तपासणी व नोंदणी, तसेच जीवरक्षक साधने यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. धरणाचा जलाशय जलसंपदा खात्याच्या किंवा संबंधित संस्थेच्या ताब्यात असल्याने तेथे नौका उतरविण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. प्रत्येकाच्या अंगावर, विशेषतः मुलांच्या मापाचे, बांधलेले जीवरक्षक जाकीट असणे, अंधारापूर्वी परतणे, पावसाळ्यात नौका न सोडणे व काठाला समांतर जाणे हे नियम सर्वमान्य आहेत.

जलाशयाकाठी तंबू व होड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांत बुडित गावांतील कुटुंबेही आहेत. पाण्याखालची भिंत, विहीर व वाट कोठे होती, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते. नौका कोणतीही निवडली, तरी पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांच्याकडे केलेली चौकशी ही या जलाशयांतील सर्वांत भरवशाची मार्गदर्शिका होय.